कॉरिडॉरची कड नकाशावर हवी

रस्त्याचा संकल्प आता बहुतेक ठिकाणी संगणकावरच होतो. सिव्हिल थ्रीडी किंवा ओपनरोड्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अभियंता आधी मध्यरेषा आखतो, तिचा उभा छेद ठरवतो आणि मग रस्त्याचा नमुना काटछेद तयार करतो. त्यात डांबरी रुंदी, मधला दुभाजक, साइडपट्टी, गटार आणि दोन्ही बाजूंचे उतार असतात. हा काटछेद मध्यरेषेवर ठरावीक अंतराने बसवत गेले की रस्त्याचे जे त्रिमितीय प्रतिरूप उभे राहते, त्याला कॉरिडॉर म्हणतात. प्रत्येक काटछेदाच्या टोकाला भरावाचा किंवा कटिंगचा उतार मूळ जमिनीला जाऊन भिडतो. भिडण्याचे हे बिंदू जोडले की कॉरिडॉरची बाहेरची कड मिळते. भराव असेल तिथे ही कड भरावाच्या पायथ्यावरून जाते आणि कटिंग असेल तिथे कटिंगच्या माथ्यावरून. ती पडद्यावर कशी दाखवायची, एवढ्यापुरता प्रश्न सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत चार ओळींत सुटतो. तीच कड पुढे छापील नकाशावर, भूसंपादनाच्या कागदांवर दिसावी की नाही, हा प्रश्न मात्र सुटत नाही, कारण तिच्याच आसपास कुणाची तरी विहीर, बांध किंवा गोठा असतो.

या प्रश्नावर दोन ठाम मते आहेत आणि दोन्हींमागे कामाचा अनुभव आहे. एक मत रस्त्याची संकल्पचित्रे करणाऱ्या अभियंत्याचे आणि दुसरे संयुक्त मोजणीसाठी शेतात उभे राहणाऱ्या भूकरमापकाचे. दोघांना येथे समोरासमोर बसवून त्यांचे म्हणणे पूर्ण मांडायचे आहे. मला भूकरमापकाची बाजू पटते. पण अभियंत्याचे सगळेच आक्षेप खोडून काढता येत नाहीत. त्यातले दोन मान्य करूनच ही बाजू उभी राहू शकते.

अभियंता म्हणतो, “साहेब, ज्या कडेबद्दल तुम्ही बोलताय ती आमच्या हिशेबाची सोय आहे. कॉरिडॉरवरून सरफेस, म्हणजे पृष्ठभागाचे प्रतिरूप, काढला की सॉफ्टवेअर सगळे बिंदू त्रिकोणांनी जोडत जाते. रस्ता वळणावर असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे ना रस्ता आहे ना भराव, तिथेही लांबलचक त्रिकोण पसरतात. ते तसेच राहिले तर मातीकामाचे घनमीटर चुकतात आणि समोच्च रेषा भलतीकडेच जातात. म्हणून आम्ही सरफेसला बाहेरची हद्द लावतो. सिव्हिल थ्रीडीत कॉरिडॉरची व्याप्ती हीच बाहेरची हद्द समजण्याची सोय आहे. ती निवडली की कडेबाहेरचे त्रिकोण निघून जातात. घनफळ बरोबर आले, त्या रेषेचे काम संपले. भूसंपादनाचा पट्टा आम्ही वेगळा देतो. चौपदरी राष्ट्रीय महामार्गाला सर्वसाधारणपणे 60 मीटर, म्हणजे मध्यरेषेच्या इकडे 30 आणि तिकडे 30. उताराची कड त्याच्या आतच राहते. मग लोकांसमोर दोन रेषा ठेवून गोंधळ कशाला वाढवायचा?”

भूकरमापक म्हणतो, “गोंधळ आजही होतोच साहेब, फक्त तो तुमच्या ऑफिसात न होता शेतात होतो. आम्ही मोजणीला गेलो की माणूस पहिले विचारतो, रस्ता नेमका कुठपर्यंत येणार? मी त्याला तीस मीटरची रेषा दाखवतो. तो विचारतो, एवढी सगळी जागा रस्त्याखाली जाणार का? ते मला सांगता येत नाही. तुम्हाला सांगता येते, पण तुम्ही ती रेषा बंद करून नकाशा पाठवलेला असतो. विहिरीवर भराव पडणार आहे, की विहीर नुसती पट्ट्यात सापडलीय आणि भराव तिच्या दहा मीटर अलीकडेच संपतोय, हे माझ्या हातातल्या कागदावरून कळायला मार्गच नाही. आणि कड पट्ट्याच्या आतच राहते, हे तुम्ही सपाट जमीन डोळ्यांपुढे ठेवून बोलताय.”

या शेवटच्या वाक्याची परीक्षा आकड्यांनी करता येते. समजा रस्त्याची माथ्यावरची एकूण रुंदी सुमारे 26 मीटर आहे, म्हणजे मध्यरेषेपासून रस्त्याच्या काठापर्यंत 13 मीटर. भरावाची उंची 6 मीटर आणि बाजूचा उतार एकास दोन, म्हणजे एक मीटर खाली उतरायला दोन मीटर आडवे जावे लागते. जमीन सपाट असेल तर भरावाचा पायथा आणखी 12 मीटरवर, मध्यरेषेपासून 25 मीटरवर येईल. तीस मीटरच्या आत तो आरामात बसतो आणि अभियंत्याचे म्हणणे खरे ठरते. आता जमीन रस्त्यापासून दूर एकास तीन उताराने उतरत जाते असे धरा. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला असा उतार अजिबात विरळ नाही. भराव दर मीटरला अर्धा मीटर खाली येतो आणि जमीन त्याच मीटरमध्ये तिसरा हिस्सा खाली पळते. दोघांमधले अंतर मीटरला फक्त एक षष्ठांश मीटरने कमी होते. 6 मीटर उंची संपायला 36 मीटर जावे लागते. पायथा मध्यरेषेपासून 49 मीटरवर, म्हणजे पट्ट्याच्या 19 मीटर बाहेर पडतो. जमिनीचा उतारच एकास दोन असेल तर भराव आणि जमीन समांतर जातात आणि भिडतच नाहीत. अशा ठिकाणी संरक्षक भिंत बांधून जागा वाचवतात हे खरे, पण भिंत कुठे हवी ते कड पाहिल्याखेरीज कळत नाही. कड बंद केलेला नकाशा हा प्रश्न बांधकाम सुरू होईपर्यंत लपवून ठेवतो, आणि तोवर भूसंपादन संपलेले असते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सपाट जमिनीवर भराव दोनच मीटर उंच असेल, तर याच हिशेबाने पायथा 17 मीटरवर संपतो आणि पुढचे 13 मीटर मोकळे राहतात. ती जागा सेवा रस्त्यासाठी, पाण्याच्या नळासाठी, विजेच्या खांबांसाठी किंवा पुढच्या रुंदीकरणासाठी ठेवली असेल. कारण काहीही असो, ज्याची जमीन जाते त्याला ते कळायला हवे. रस्त्याच्या एका बाजूला एक मीटर रुंदीचा पट्टा एका किलोमीटरमध्ये 10 आर होतो, जवळपास दहा गुंठे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाची लांबी 701 किलोमीटर आहे. तेवढ्या लांबीवर एकाच बाजूचा एक मीटर म्हणजे सुमारे 70 हेक्टर. जून 2025 मध्ये तो संपूर्ण खुला झाला, त्याचा पट्टा सपाट भागात 120 मीटरचा आहे. इतक्या रुंद पट्ट्यात रस्ता प्रत्यक्षात किती आणि बाकीची जागा कशासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्याला विकासाचा विरोधक ठरवू नये. तो फक्त नकाशाची दुसरी रेषा मागत असतो.

अभियंता आता त्याचा सर्वांत व्यावहारिक मुद्दा काढतो. “साहेब, ही रेषा रोज सरकते. उभा छेद चाळीस सेंटीमीटर खाली घेतला, कड सरकली. मोरीसाठी रस्ता उचलला, पुन्हा सरकली. उतार एकास दीडचा एकास दोन केला, पुन्हा तेच. भूसंपादनाला स्थिर रेषा लागते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 च्या कलम 3 ‘अ’खाली अधिसूचना निघाली की लोकांना हरकतीसाठी 21 दिवस मिळतात, आणि ती अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत कलम 3 ‘ड’ची घोषणा झाली नाही तर ती अधिसूचनाच निष्प्रभ होते. एवढ्या मुदतीच्या कामात आज इथे आणि उद्या तिथे जाणारी रेषा दाखवली तर गावात कुणाचा विश्वास राहील?”

या आक्षेपात एक गृहीतक दडले आहे: रेषा झाकली की बदलही झाकला जातो. संकल्प बदलतो तेव्हा जमिनीची गरज बदलते, ती रेषेमुळे बदलत नाही. कायद्याने मागितलेली स्थिरता पट्ट्याच्या सीमेला लागू आहे. कलम 3 ‘ड’ची घोषणा प्रसिद्ध होताच ती जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणून ती सीमा ठाम हवीच. उताराची कड तिच्या शेजारी तारीख आणि आवृत्ती लिहून दाखवली, तर अमुक दिवशीच्या संकल्पानुसार रस्त्याचा पसारा इथपर्यंत होता, एवढेच ती सांगते. संकल्प बदलला की नव्या तारखेची नवी कड. दोन तारखांच्या कडा एकमेकींवर ठेवल्या की कोणत्या गटात बदल झाला हे कुणालाही पाहता येते. विश्वास जायचा तो अशा नोंदीने जात नाही. मोजणी झाल्यावर सहा महिन्यांनी भराव बांधाच्या पलीकडे गेलेला दिसतो तेव्हा तो जातो.

इथे सॉफ्टवेअरच्या एका बारीक गोष्टीवर थांबायला हवे, कारण अभियंत्याची भीती ज्या अनुभवातून आली आहे त्याचे मूळ तिथे आहे. बाहेरची कड अनेक मार्गांनी मिळवता येते. कॉरिडॉरची व्याप्ती हीच हद्द, असे सांगितले तर कॉरिडॉर पुन्हा बांधला जाताच कडही आपोआप नवी होते. उतार जमिनीला भिडतो त्या बिंदूंची रेषा निवडली तरी ती जिवंत राहते, मात्र सर्व काटछेदांत तो बिंदू सापडला पाहिजे. मध्येच कठडा किंवा भिंत आली आणि बिंदूचे नाव बदलले की रेषा तुटते. तिसरा मार्ग म्हणजे हाताने बहुभुज काढून तो हद्द म्हणून देणे. चौथा, आणि घाईच्या दिवसांत सर्वाधिक वापरला जाणारा, म्हणजे सरफेसची किनार साध्या पॉलिलाइनच्या रूपात बाहेर काढून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवणे. शेवटच्या दोन मार्गांनी मिळालेल्या रेषेचा कॉरिडॉरशी संबंध त्याच क्षणी तुटतो. कॉरिडॉर पुढे जातो, रेषा मागेच राहते, आणि दिसायला मात्र ती जिवंत रेषेइतकीच ठाशीव असते. मोजणीच्या वेळी, वनजमिनीच्या प्रस्तावात किंवा ठेकेदाराच्या फाइलमध्ये अशी मेलेली रेषा गेली की वाद सुरू होतो. वनजमीन वळती करण्याचा प्रस्ताव परिवेश पोर्टलवर देताना क्षेत्राची केएमएल फाइल जोडावी लागते; त्या फाइलमध्ये जुनी कड गेली तर मंजुरी एका क्षेत्राची आणि खोदाई दुसऱ्याच क्षेत्रात, अशी स्थिती येऊ शकते. मुंबई–गोवा महामार्ग कर्नाळा अभयारण्यातून जातो. अशा ठिकाणी एका मीटरलाही कायदेशीर वजन असते. म्हणून अभियंत्याच्या तक्रारीवर उपाय असा की कड जिवंत ठेवावी, आणि ज्या दिवशी ती बाहेर द्यायची त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहावी. ती झाकून ठेवल्याने चिकटवलेल्या रेषांचा धोका तसूभरही कमी होत नाही.

“ठीक आहे,” अभियंता म्हणतो, “जिवंत ठेवू. पण तुम्ही तिला जो मान देऊ पाहताय तो तिला झेपणार नाही. ती काटछेदांतून निघते. मी पंचवीस मीटरला एक काटछेद घेतला तर मधल्या पंचवीस मीटरमध्ये ती नुसती सरळ जोडलेली आहे. मूळ जमिनीचा सर्वेक्षणाचा पट्टा अपुरा पडला तर उताराला भिडायला जमीनच सापडत नाही आणि कड रस्त्याजवळच थांबते. हे मला दिसते. कागद हातात घेणाऱ्याला दिसत नाही. त्याला ती दगडावरची रेघ वाटणार.”

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेतला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच आहे. इंग्लंडमधल्या काही काउंटी कौन्सिलांनी 1970 च्या दशकात मॉस नावाची प्रणाली विकसित केली, जी पुढे एमएक्स रोड म्हणून भारतातल्या सल्लागार कार्यालयांतही वापरली गेली. त्या पद्धतीत रेषा हेच मूळ द्रव्य होते. रस्त्याची कड, गटाराचा तळ, भरावाचा पायथा या सगळ्या रेषा स्वतंत्र माहिती म्हणून साठवल्या जात. कॉरिडॉर पद्धतीत मूळ द्रव्य काटछेद आहे आणि बाहेरची कड त्यातून काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्षाची अचूकता त्याच्या आधारावर ठरते. घाटातल्या 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर 25 मीटरला एक काटछेद घेतला, तर दोन काटछेदांमध्ये सरळ जोडलेली रेषा खऱ्या वक्रापासून सुमारे अडीच मीटर ढळते. तिथेच 5 मीटरला काटछेद घेतला तर ढळण दहा सेंटीमीटरवर येते. सरळ माळावर 25 मीटरचे अंतर खुशाल चालेल, पण दोन काटछेदांच्या मध्ये ओढा असेल तर तिथेही चालणार नाही. जमिनीच्या उंचीतली चूक तर आणखी फसवी. सर्वेक्षणात झाडोऱ्यामुळे जमीन अर्धा मीटर उंच नोंदली गेली, तर सपाटीवर भरावाचा पायथा एक मीटर चुकतो. एकास तीन उताराच्या जमिनीवर तीच अर्ध्या मीटरची चूक तीन मीटरची होते. म्हणजे जिथे कडेची सर्वाधिक गरज, तिथेच ती सर्वांत कच्ची. आणि जिथे उताराला जमीन सापडत नाही, तिथे सॉफ्टवेअर इशारा देते, पण तो इशारा अभियंत्याच्या पडद्यावरच राहतो. कॉरिडॉरच्या व्याप्तीवरून काढलेली हद्द मात्र साइडपट्टीच्या टोकावरून बिनदिक्कत पुढे जाते आणि अखंड दिसते.

मात्र यातून कड लपवावी, असे ठरत नाही. तिचा कच्चेपणा तिच्यावरच दिसावा, असे ठरते. काटछेदांचे अंतर, जमिनीचे सर्वेक्षण कशाने आणि कधी केले, ही माहिती नकाशाच्या कोपऱ्यात दोन ओळींत मावते. उतार जमिनीला भिडला आहे तिथे सलग रेषा, जिथे भिडला नाही तिथे रेषा तोडून मोकळी जागा. उतरत्या जमिनीवर, जिथे लहान चुकीने कड दूर जाते, तिथे एका रेषेऐवजी अलीकडची आणि पलीकडची अशी दोन स्थाने दाखवणारी पट्टी. हे सगळे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते, आणि प्रतिरूपांच्या देवाणघेवाणीसाठीच्या आयएफसी मानकाच्या 4.3 आवृत्तीत, जी 2024 मध्ये आयएसओ 16739-1 म्हणून प्रसिद्ध झाली, रस्ते आणि मध्यरेषा यांना जागा मिळाल्यामुळे अशी माहिती प्रतिरूपाबरोबर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात नेणेही सोपे होत आहे. अभियंत्याला आपल्या रेषेतली अनिश्चितता दिसते हे त्याच्या व्यवसायाचे बळ आहे. ती पुढे सांगणे हे त्याच्या व्यवसायाचे कर्तव्य आहे.

आता अभियंता उलटा प्रश्न करतो आणि तो रास्त आहे. “माझ्या दहा सेंटीमीटरचा हिशेब मागताय, पण तुमच्या गाव नकाशाचे काय? माझी रेषा उपग्रहाच्या आधारे मोजलेली, तुमचा बांध कधीच्या काळी साखळीने मोजलेला. दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर जो फरक येतो तो कुणाचा?” भूकरमापक हे टाळत नाही. “आमचा पाया जुना आहे, खरे आहे. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, तिच्यावर मुंबई इलाख्याची मोजणी उभी राहिली. तेहतीस फुटांच्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, हे माप आजही लोकांच्या तोंडी आहे. 1:5000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. म्हणून तर आम्ही संयुक्त मोजणीला प्रत्यक्ष बांधावर उभे राहतो, वहिवाट पाहतो, उपग्रह-मोजणीच्या रोव्हरने बिंदू घेतो. नकाशावर नकाशा ठेवून हद्द ठरवा, असे मी म्हणतच नाही. मी म्हणतो, बांधावर उभा असताना माझ्या हातात तुमची कडही असू द्या. मग बांधाच्या जागेबद्दलची शंका आणि भरावाच्या जागेबद्दलची शंका एकाच दिवशी, दोघांच्या देखत मिटेल.” निर्देशक पद्धतीचा भाग मात्र अभियंत्यानेच सांभाळायला हवा. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या 43 आणि 44 या पट्ट्यांची सीमा, 78 अंश पूर्व रेखांश, विदर्भातून जाते. समृद्धी महामार्गासारखा लांब रस्ता ती ओलांडतो. पट्ट्याच्या मध्यावर प्रमाण 0.9996 असल्याने हेक्टरमागे सुमारे 8 चौरस मीटरचा फरक पडतो. मोबदल्याच्या दृष्टीने तो किरकोळ आहे. पट्टाच चुकीचा निवडला तर होणारी चूक किरकोळ नसते.

अभियंत्याचा दुसरा मान्य करावा असा आक्षेप जमिनीच्या गरजेबद्दल आहे. “कड दाखवली की लोक म्हणणार, रस्ता इथे संपतो, मग पुढची जमीन कशाला घेता? पण रस्ता कडेला संपत नाही. कटिंगच्या माथ्यापलीकडे वरून येणारे पाणी अडवणारे गटार लागते. उताराची देखभाल करायला माणूस आणि यंत्र जायला वाट लागते.” हे अगदी खरे आहे, आणि कोकणात त्याची किंमत सगळ्यांनी पाहिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर कापला गेला. वर परशुराम आणि खाली पेढे अशी वस्ती, मध्ये उभी कटिंग. तिथे दरडींचा धोका इतका राहिला की 2022 च्या उन्हाळ्यात घाट दिवसाचे काही तास वाहतुकीला बंद ठेवून काम करावे लागले. अशा जागी कटिंगचा माथा कुठे येतो, त्याच्या मागे किती अंतरावर घर आहे, पाण्याचे गटार त्या दोघांच्या मध्ये मावते का, हे तीन प्रश्न एकाच नकाशावर विचारता आले पाहिजेत. नमुना काटछेदात माथ्यामागचे गटार घातले नसेल तर सॉफ्टवेअरची कड ते धरत नाही आणि रस्ता खऱ्यापेक्षा अरुंद दिसतो. म्हणून अभियंत्याच्या या आक्षेपाने माझी बाजू पक्की होते: कड आणि संपादनाची सीमा या दोन रेषा वेगळ्या हव्यात, दोन्ही एकाच कागदावर हव्यात, आणि मधल्या जागेत ती कशासाठी घेतली हे लिहिलेले हवे. गटार, देखभालीची वाट, सेवा वाहिन्या, पुढचे रुंदीकरण, जे असेल ते. लिहिता येत नसेल तिथे जमीन घेण्याचे कारण पुन्हा तपासावे.

राहिला दलालांचा मुद्दा. अभियंता म्हणतो की तपशीलवार रेषा लवकर बाहेर गेली तर कुणाची जमीन रस्त्याला लागून उरणार हे हेरून लोक आधीच व्यवहार करतील. भीती खरी आहे, पण ती प्राथमिक आखणीच्या टप्प्यापुरती आहे. पर्यायी आखण्यांचा अभ्यास चालू असताना कोणतीच रेषा बाहेर जाऊ नये, पट्ट्याचीही नाही. कलम 3 ‘अ’ची अधिसूचना निघाली की गट नंबर आणि क्षेत्र राजपत्रात छापलेच जाते, त्यानंतर कड झाकून दलालाचे काही अडत नाही. त्याला आतली माहिती मिळवण्याचे मार्ग असतात. अडते ते ज्याच्याकडे फक्त सातबारा आहे त्याचे.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. संयुक्त मोजणीसाठी जाणाऱ्या प्रत्येक नकाशावर कॉरिडॉरची बाहेरची कड असावी. ती कॉरिडॉरला जोडलेल्या जिवंत रेषेवरून घेतलेली, तारीख घातलेली, काटछेदांचे अंतर आणि सर्वेक्षणाचा आधार सांगणारी, आणि संपादनाच्या सीमेपासून रंगाने व जाडीने वेगळी असावी. सल्लागाराशी करार करताना ही अट लिहावी, कारण करारात नसलेले काम मुदतीच्या आठवड्यात कुणी करत नाही. संकल्पक अभियंत्यांना एवढे काम जड नाही. कड त्यांच्या फाइलमध्ये आधीपासून आहे. आणि ज्यांचा गट नंबर अशा अधिसूचनेत येईल त्यांनी 21 दिवसांच्या मुदतीत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून आपल्या गटावरची कड आणि सीमा, दोन्ही रेषा असलेला नकाशा मागावा. तो मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागावा, आणि मोजणीच्या दिवशी तो हातात घेऊनच बांधावर उभे राहावे.